बांगडीतली पिन

सुलभा, आधी हे 'तू'चं मिटवून टाकू. चोवीस वर्षं मी तुला 'विहीणबाई, तुम्ही' म्हणत आले. तू माझ्या मुलाची सासू, मी तुझ्या मुलीची. आपल्यात अहो-जाहोच असायचं. रमीत तू मांडीखाली जोकर लपवलास तरी मी 'अहो, लबाडी करू नका' असंच म्हणायचे. पण त्या दुपारी रिक्षात तुझी मान माझ्या खांद्यावर कलंडली तेव्हा माझ्या तोंडून 'ए सुलभा, डोळे उघड गं' असं निघालं, आणि आता परत 'अहो'वर जाता येत नाही. तेवढं चालवून घे.

काल तुझं तेरावं झालं. ज्येष्ठ नागरिक संघाचे लोक येऊन गेले. अंकासाठी तुझ्यावर थोडं लिहून द्या म्हणाले. जन्म, शिक्षण, नोकरी, आवडी. ते मी लिहिणार नाही. तू कोणत्या साली मॅट्रिक झालीस ते कुणाला हवंय? मला तुझ्याशी दुसरंच बोलायचंय. मी तुझ्या नावावर एक खोटं बोललेय. तुझ्या मुलीशी, आणि तुझ्या समोर. ते अजून तसंच आहे. मेधा रोज सकाळी तुझ्या फोटोला हार घालताना म्हणते, "काय गं आई, तेव्हासुद्धा साडीचा हट्ट." मी लगेच स्वयंपाकघरात जाते आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते.

साडीपासूनच सुरू करते, कारण आपलं सगळं साडीपासूनच सुरू झालं. लग्नात मी अठ्ठेचाळीसची होते. वरमाय. त्या बाईची आठवण आली की मला हसू येतं आणि मग कानशिलं गरम होतात. ती हॉलमध्ये शिरली ती गॉगल लावून, कारण कुठल्याशा लग्नाच्या अल्बममध्ये तिने तसं पाहिलं होतं. आत अंधार वाटला म्हणून रांगोळीवर पाय पडला, पण गॉगल काही काढला नाही. चहा स्टीलच्या पेल्यातून आला म्हणून परत पाठवला. कपबशीतून आला तेव्हा गार झाला म्हणून पुन्हा पाठवला. शेवटी बिनचहाची, डोकं धरून बसली. अशा त्या बाईसमोर तू मानाची साडी ठेवलीस. नारायणपेठ, अंजिरी रंगाची, बारीक काठाची. शेजारी माझी थोरली जाऊ होती. तिने नुसती भुवई उडवली. तेवढ्या एका भुवईवर आमच्या गॉगलवालीने साडी बाजूला सारली आणि म्हणाली, "अंजिरी मला चालत नाही."

साडीची घडी मोडू न देता पिशवीत टाकलीस. आठवड्याने आमच्याकडे सत्यनारायण होता, तेव्हा तीच साडी नेसून आलीस आणि दारातच, सगळ्यांदेखत, अगदी गोड आवाजात विचारलंस, "विहीणबाई, साडी आवडली का?"

त्या क्षणी मला कळलं की ही बाई आपल्याला पुरून उरणार.

मग तो तुझा छंदच झाला. सईच्या बारशाला तीच साडी. माझ्या साठीला तीच. तोच प्रश्न. आणि मीही दर वेळी मान उडवून 'चहा घ्या' म्हणायचे. उत्तर कधी दिलं नाही.

दुसरं भांडण गाऊनचं. तू दुधाला गाऊनवर, भाजीला गाऊनवर, वर एक ओढणी टाकली की झाली तयार. एकदा तर बँकेत जाऊन आलीस. मी म्हटलं, "अहो, गाऊनवर माणूस घरात असतं." तू म्हणालीस, "माणूस कुठेही असतं. गाऊन थोडाच विचारतो, कुठे निघालात म्हणून?" हे भांडण आपण कोपर स्टेशनजवळच्या तुझ्या तिसऱ्या मजल्यावर दर गुरुवारी काढायचो. दोघींचेही नवरे गेले आणि मला मानपाड्याहून येऊन भांडायला तूच एक उरलीस. आधी भांडण, मग रमी, मग वरणभात. ते भांडण तसंच राहिलं. मी जिंकायला नको होते, आणि जिंकले ते असल्या दिवशी.

सईने लावलेला कागद तुला आठवतो का? आपली नात फिजिओथेरपी शिकायला लागल्यापासून दोन्ही घरांत तिचंच राज्य. तिने आपल्या दोघींच्या फ्रीजवर लकवा कसा ओळखायचा त्याचा एकेक कागद चिकटवला. एका बाईचा चेहरा, अर्धं तोंड वाकडं. खाली तीन गोष्टी: हसून दाखवा, दोन्ही हात वर करा, एक वाक्य बोला. तिने आपल्याला सोफ्यावर बसवून तालीम घेतली. मी हसले तर म्हणाली, "आजी, तू मुद्दाम वाकडं हसतेयस." तुला म्हणाली, "कोपरआजी, आता एक साधं वाक्य बोल." तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "विहीणबाई, साडी आवडली का?" पोरगी कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "ऐका ना दोघी. यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तर मला फोन नको, आईला नको, डॉक्टरकाकांना नको. सरळ ॲम्ब्युलन्स. खाली नंबर आहे, तीनच आकडे आहेत."

"तीनच?" तू म्हणालीस. "मग राँग नंबर लागायची भीती नाही."

ती गेल्यावर मी तुझ्या फ्रीजवरच्या बाईला पेनाने मिशी काढली आणि तू तिच्या कानात डूल काढलेस. आपण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. दोघींची मिळून वयं एकशे बेचाळीस.

तर त्या गुरुवारची गोष्ट. सव्वा अकरा वाजले होते. मला वेळ नक्की माहीत आहे, कारण खालचा इस्त्रीवाला तेव्हाच येतो आणि तू उठून तुझे कपडे घेतलेस. तिसरा डाव चालू होता. बसल्या बसल्या तुझ्या डाव्या हातातून पत्ते गळून पडले. सगळे, तोंड वर करून. तू हाताकडे बघत राहिलीस. आणि मी काय केलं? मी तुझे पत्ते बघून घेतले. बदामची राणी तुझ्याकडे होती, मला तीच हवी होती. "हात मोडले की काय?" असं म्हणून मी वर हसले. तू पत्ते गोळा करू लागलीस ते एकाच हाताने. तेही मी पाहिलं. पण माझं लक्ष राणीकडे होतं.

मग तू म्हणालीस, "जरा पडते." मी लिंबू सरबत केलं. ते तुझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गाऊनवर सांडलं. मी ओढणीने पुसलं आणि म्हटलं, "बाळ झालं अगदी." पित्त असेल, उन्हाचं असेल, रात्री झोप नसेल, मी एकेक कारण काढत गेले आणि तू प्रत्येकाला मान हलवत गेलीस. तू झोपलीस. मी आतल्या खोलीचं दार लोटून टीव्हीवर मालिका बघितली, दुपारी पुन्हा लावतात ती. आवाज बारीक ठेवला, तुला त्रास नको म्हणून. इतकी मी काळजीवाहू.

दीड वाजता उठवायला आले, तर अर्धं तोंड वाकडं. फ्रीजवरच्या बाईसारखं. पाच पावलांवर फ्रीज होता, त्यावर ती मिशीवाली, आणि तिच्याखाली ते तीन आकडे. मी ते वाचले. सुलभा, वाचले मी. फोनही हातात होता. आणि मी मेधाला लावला.

का, ते मी तेव्हापासून स्वतःला विचारतेय. घाबरले म्हणावं तर तसंही नव्हतं. डोकं भराभर चालत होतं, पण भलतीकडेच. मला वाटलं, ही आपल्या सुनेची आई. हिच्याबद्दल ठरवणारी मी कोण? उद्या मेधा म्हणेल, मला न विचारता कुठे नेलंत. मला वाटलं, ॲम्ब्युलन्स आली की अख्खी गल्ली खिडकीत येईल. तुझ्या बिल्डिंगमध्ये ती एकदाच आलेली, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांसाठी, आणि ते परत आले नाहीत. भोंगा म्हटलं की मला तेच दिसायचं. आणि सगळ्यांत खरं सांगू? मला वाटलं, बोलावली आणि काहीच निघालं नाही तर? नुसतं पित्तच निघालं तर? लोक म्हणतील, म्हातारीने तमाशा केला. तुझा जीव एकीकडे आणि माझं हसं दुसरीकडे, आणि मी हसंच सांभाळलं. ती गॉगलवाली गेलीय असं मला वाटत होतं. गेली नव्हती. नुसता गॉगल काढला होता तिने.

मेधा मीटिंगमध्ये होती. तीनदा फोन वाजून बंद झाला. मग मी ठरवलं, तिचा फोन येईपर्यंत तुला तयार करू. तयार म्हणजे काय, तर साडी. "गाऊनवर दवाखान्यात कसं जायचं," मी म्हटलं. तू काही बोललीस. शब्द कळले नाहीत, पण उजवा हात तू ओढणीकडे नेलास. ओढणी टाक आणि चल, एवढंच तुझं म्हणणं असणार. दुसरं काय असणार? चोवीस वर्षं तू तेच म्हणत होतीस. मी तुझा हात बाजूला केला.

कपाट उघडलं तर वर अंजिरी साडी, सकाळीच इस्त्री होऊन आलेली. मला त्याही वेळी गंमत सुचली. "हीच नेसवते, म्हणजे मानपान फिटला." तुला कपाटाला टेकवून उभं केलं. परकराची नाडी दोनदा सुटली. निऱ्या केल्या आणि तुझ्या डाव्या हातात दिल्या. "धरा, मी खोचते." त्या सुटल्या. पुन्हा केल्या, पुन्हा दिल्या, पुन्हा सुटल्या. आणि मी तुला काय म्हणाले ते तू ऐकलंस. मी म्हणाले, "एवढ्या वर्षांत निऱ्या धरता येईनात होय तुम्हांला?"

तिसऱ्यांदा मीच पोटाशी दाबून धरल्या आणि खोचल्या. पदर खांद्यावरून घसरत होता, म्हणून माझ्या बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि तुझ्या डाव्या खांद्यावर लावली. घड्याळात सव्वादोन. पाऊण तास, सुलभा. मेधाचा फोन तेव्हा आला.

खाली उतरवायला दुसऱ्या मजल्यावरचे काका आणि रिक्षावाला, दोघं आले. तुला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. प्रत्येक वळणावर काका म्हणत होते, "साडी वर घ्या हो आजी, पायात येतेय." एकही माणूस खिडकीत नव्हता. दुपारची वेळ, सगळे झोपलेले. मी ती साडी कुणासाठी नेसवली होती?

आपल्या डॉक्टरांचा दवाखाना दुपारी बंद. तिथून नर्सिंग होम. तिथे एक पोरगेलेसे डॉक्टर तुला हातही न लावता म्हणाले, "इथे वेळ घालवू नका, मोठ्या हॉस्पिटलला न्या." मेधाने फोनवरून ठाण्याचं हॉस्पिटल सांगितलं, तिच्या ऑफिसच्या जवळचं. आणि तिथपर्यंत तुला न्यायला कोण आलं? ॲम्ब्युलन्सच. भोंगा वाजवत. समोरची वाहनं बाजूला होत होती, आणि मला कळलं की तो भोंगा आपल्यासाठी नसतोच, तो रस्त्यासाठी असतो. आत बसलेला माणूस तुला नळी लावता लावता म्हणाला, "आजी, घरूनच का नाही बोलावलंत?" मी म्हटलं, "जिने अरुंद आहेत." तो म्हणाला, "आमच्याकडे खुर्ची असते ना. लोकं आम्हाला शेवटी बोलावतात, मग आम्ही उशिरा आलो म्हणतात."

हॉस्पिटलात पाच मिनिटांत त्यांनी साडी उतरवून पिशवीत भरली आणि तुला हिरवा गाऊन घातला. तू जिंकलीस तशी.

डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: "या शेवटच्या ठीक केव्हा होत्या?" मी म्हणाले, दीड वाजता तोंड वाकडं दिसलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या आधी काही? हातातून काही पडलं?" मेधा शेजारी उभी होती. मी सांगितलं. सव्वा अकराला पत्ते पडले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक तासांतच देता येतं, नंतर दिलं तर धोका. ती वेळ गेली होती. सकाळीच आला असतात तर नक्की बऱ्या झाल्या असत्या, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला रडता तरी आलं असतं.

एवढं खरं मी बोलले, आणि तिथेच माझं खरं संपलं. कारण मेधाने पिशवीकडे बघून विचारलं, "आई सकाळी व्हिडिओ कॉलवर गाऊनवर होती. साडी कधी नेसली?"

मी म्हणाले, "त्यांनीच हट्ट धरला. गाऊनवर येणार नाही म्हणाल्या."

तू तिथेच होतीस. डोळे उघडे, माझ्यावर. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला उलट बोलू शकली नाहीस, आणि मी नेमकी तीच वेळ साधली.

तिसऱ्या दिवशी सईने तुझा हात धरून म्हटलं, "कोपरआजी, एक वाक्य बोल ना." तू खूप प्रयत्न केलास. 'सा... ई...' असं काहीतरी आलं. सई रडायला लागली. "माझं नाव घेतलं," म्हणून सगळ्यांना सांगत सुटली. मी कोपऱ्यात उभी होते. मला ते 'साडी' ऐकू आलं. तू नेहमीचं विचारत होतीस, की माझं खोटं सांगत होतीस? की खरंच सईला हाक मारत होतीस? अकराव्या दिवशी तू गेलीस, आणि हे विचारायचं राहिलं. सईला तिचं नावच राहू दे. ती तुझ्या तोंडचं शेवटचं घेऊन बसलीय, त्यात मी हात घालणार नाही.

पण मेधाचं तसं ठेवता येईना. माझं लिहिलेलं संघासाठी तीच टाइप करते. म्हटलं, कागद देऊन टाकावेत, वाचेल आपोआप, आपण गच्चीत जाऊन बसावं. मग वाटलं, हीसुद्धा गॉगलवालीचीच युक्ती. म्हणून आज दुपारी तिला समोर बसवलं आणि वरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. निऱ्यांपाशी मी कागद खाली ठेवले. तिने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "पुढे वाचा."

संपल्यावर ती बराच वेळ टेबलक्लॉथवरची सुरकुती सरळ करत बसली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"आई पदराला पिन लावत नसे. भोकं पडतात म्हणायची. पिशवीतल्या साडीला पिन होती. आणि तुमच्या बांगडीत एक कमी होती."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"रोज बोलतेय की. फोटोशी नव्हते बोलत, आई. तुम्हांला ऐकू जावं म्हणून म्हणत होते. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

'असू दे' म्हणाली नाही ती. 'तुमची चूक नाही' असंही नाही. आत गेली, कुकर लावला, आणि येताना ती पिशवी घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवली. "पिन काढून घ्या. तुमची आहे." एवढंच म्हणाली आणि परत आत गेली.

मी घरात सांगून ठेवलंय: मला काही झालं तर आहे त्या गाऊनवर उचला, आणि ॲम्ब्युलन्समधूनच न्या, अख्ख्या मानपाड्याला ऐकू जाऊ दे. कपाट उघडलंत तर भूत होऊन येईन. सई हसली. मेधा हसली नाही, पण तो तीन आकडी नंबर तिने जाड पेनाने माझ्या पलंगाशेजारी भिंतीवर लिहिला.

पिन मी काढली. बांगडीत घालवेना, वाटीत ठेवलीय. साडीला खांद्यापाशी दोन बारीक भोकं पडलीत, तू म्हणायचीस तशी. साडी मांडीवरच आहे अजून. सुलभा, त्या दिवशी हॉलमध्ये, गॉगलच्या आडूनसुद्धा, मला हा रंग दिसला होता. इतका आवडला होता की बघणंच टाळलं मी.

आता एकदा विचार ना.